तेल, ऑइल आणि एरंडाचं गुऱ्हाळ

पुण्या-ठाण्याच्या सुखवस्तू घरांत सध्या दोन डबे हमखास सापडतात. स्वयंपाकघरातल्या डब्यावर लिहिलेलं असतं: लाकडी घाण्याचं, प्रक्रिया न केलेलं, शंभर टक्के नैसर्गिक. खाली पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीत स्टेपनीशेजारी दुसरा डबा असतो. त्यावर तितक्याच अभिमानानं छापलेलं असतं: शंभर टक्के सिंथेटिक. दोन्ही डबे आणणारा गृहस्थ एकच. त्याच्या पोटात जाणाऱ्या तेलाला यंत्राचा स्पर्श झालेला त्याला खपत नाही, आणि यंत्राच्या पोटात जाणाऱ्या तेलाला निसर्गाचा. दोन्हींसाठी तो शेजाऱ्यापेक्षा जास्त पैसे मोजतो आणि दोन्हींवर अर्धा-अर्धा तास बोलू शकतो. भाषेनंही ही वाटणी केव्हाच मान्य केली आहे. डोक्याला, कढईला, समईला लागतं ते तेल. इंजिनाला लागतं ते ऑइल. मारुतीला दर शनिवारी तेल, मारुती सुझुकीला दर दहा हजार किलोमीटरला ऑइल. यात गल्लत करणारा मराठी माणूस अजून सापडायचा आहे.

साध्या गाडीचा मालक ऑइल निवडतच नाही. तो सर्व्हिस सेंटरला चावी देतो, संध्याकाळी बिलावरच्या ऑइलच्या ओळीकडे बघून सुस्कारा सोडतो आणि पैसे भरतो. निवडीचा रोग जडतो तो जोरदार गाडीच्या मालकाला. नमुन्यादाखल स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ घ्या. २०२० मध्ये भारतात ती फक्त २०० जणांना मिळाली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ अश्वशक्ती, शून्यापासून शंभराचा वेग साडेसहा सेकंदांच्या आसपास. दोनशेच गाड्या असल्यामुळे प्रत्येक मालकाला आपल्या घरी शेवटची वाघीण नांदते आहे असं वाटतं, आणि वाघिणीला काय पाजायचं हा प्रश्न तो सर्व्हिस सेंटरवर सोडायला धजत नाही. मग सुरू होतं ते थेट स्थळं बघण्यासारखं असतं. आधी घराणं, म्हणजे ब्रँड. मग गोत्र, म्हणजे ते कशापासून काढलं. मग उंची, म्हणजे ग्रेड. मग रंग, कारण मधासारखं सोनेरी ऑइल कुणाला आवडत नाही? मग कुणाकुणाच्या घरी ते कसं नांदलं याची चौकशी. तीन-तीन आठवडे ही बोलणी चालतात. गंमत एवढीच, की लग्न आधीच ठरलेलं असतं. गाडी बनवणाऱ्यानं ते ठरवलं, छापून दिलं, आणि ती पुस्तिका समोरच्या कप्प्यात, पीयूसीच्या जुन्या कागदांखाली, प्लास्टिकच्या वेष्टनासकट झोपलेली असते. माझं म्हणणं एवढंच आहे, की रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी ऑइल निवडण्याचं काम दहा मिनिटांचं आहे. उरलेले तीन आठवडे मालक ऑइलच्या निमित्तानं स्वतःचा फोटो काढून घेत असतो.

त्या पुस्तिकेत काय असतं? ब्रँडची शिफारस असलीच तर ती जाहिरात समजून सोडून द्यावी. त्याखाली एक रुक्ष आकडा असतो, तो खरा. फोक्सवॅगनच्या घराण्यात ५०२ ०० किंवा ५०४ ००, मर्सिडीजकडे २२९.५, पोर्शकडे ए-४०, बीएमडब्ल्यूकडे लाँगलाइफ-०१. या आकड्यांत काव्य नाही म्हणून ते कुणी पाठ करत नाही. पण त्या आकड्यामागे असं असतं, की त्या कंपनीनं ठरवलेल्या इंजिनांत ते ऑइल घालून शेकडो तास चालवलं गेलं, मग इंजिन खोललं गेलं, पिस्टनवर किती किटण बसलं, कॅम किती झिजला, रबरी सील फुगले की आकसले हे मोजलं गेलं. एवढं करूनही आपला गृहस्थ म्हणतो, की मला अजून एकदा विचारून बघायचं आहे. त्यातही डब्याच्या मागची भाषा नीट वाचायला हवी. काही डब्यांवर लिहिलेलं असतं, की अमुक कंपनीची मान्यता आहे. काहींवर असतं, की अमुक मान्यतेच्या गरजा पूर्ण करतं. पहिल्यात सासरच्यांनी होकार दिलेला असतो. दुसऱ्यात मुलगा स्वतःच सांगत असतो, की तुम्ही विचारलंत तर ते हो म्हणतील. जुन्या लग्नपत्रिकांत नावापुढे 'बी.ए. अपिअर्ड' असं लिहायची पद्धत होती, तिचा हा वारस.

आता उंचीकडे येऊ. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हा 'वेट'चा, म्हणजे वजनाचा, असं गॅरेजातले निम्मे लोक सांगतात. तो विंटरचा, हिवाळ्याचा आहे. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या, म्हणजे एसएईच्या, जे-३०० नावाच्या तक्त्यात ही सगळी गणितं आहेत. शून्य डब्ल्यू म्हणजे उणे ३५ अंशांना इंजिन फिरवता येईल इतकं ते वाहतं. पाच डब्ल्यू म्हणजे उणे ३०. वीस डब्ल्यू म्हणजे उणे १५. इथं आपला गृहस्थ खदखदा हसतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर दव गोठलं तर आपल्याकडे वर्तमानपत्रात फोटो येतो. उणे ३५ शी आपला काय संबंध? आक्षेप रास्त वाटतो, पण तो माणसाच्या कातडीचा आक्षेप आहे, इंजिनाचा नाही. माणसाला ४० अंश म्हणजे नागपूरचा मे महिना. इंजिनाला ४० अंश म्हणजे गारठा, कारण त्याचं ऑइल शंभराच्या आसपास गेलं की मगच त्याला घरी आल्यासारखं वाटतं. मामुली ५डब्ल्यू-३० ऑइल शंभर अंशांना जितकं घट्ट असतं त्याच्या पाच-सहापट ४० अंशांना असतं. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी, वर्ध्याच्या भर उन्हात उभ्या गाडीतसुद्धा ते गरजेपेक्षा जाडच असतं. थंड इंजिनाला कोणतंच ऑइल पुरेसं पातळ नसतं, आणि सकाळी चावी फिरवल्यावर ते बेअरिंगांपर्यंत, कॅमपर्यंत, टर्बोपर्यंत पोचायला जे काही सेकंद जातात ते झिजेच्या खात्यावर पडतात. आकडा हिवाळ्याचा असला तरी उपयोग बारमाही आहे. छत्रीला पावसाळी म्हणतो म्हणून उन्हात कुणी ती मिटून धरत नाही.

दुसरा आकडा शंभर अंशांचा. तीसच्या ग्रेडला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, चाळीसला १२.५ ते १६.३. याचा अर्थ तीसमधलं सगळ्यात जाड आणि चाळीसमधलं सगळ्यात पातळ ऑइल हे भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी आहेत. पण मालकांच्या बोलण्यात तीस आणि चाळीस ही जणू दोन धर्मपीठं असतात. आणि बहुतेकांची श्रद्धा जाडावर. ही श्रद्धा कुठून आली ते उघड आहे. प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, बुलेट या गाड्यांत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० घालून आपल्या तीन पिढ्या वाढल्या. त्या इंजिनांच्या फटी सैल होत्या. जाड ऑइलनं आवाज कमी होई आणि गळतीही. ज्यांचे वडील जाड ऑइलनं सुखी झाले त्यांना पातळ ऑइल म्हणजे वरण पातळ करून पाहुण्यांना वाढल्यासारखं वाटतं. आजच्या टर्बो इंजिनात बेअरिंगमधला ऑइलचा थर काही मायक्रॉनचा असतो, डोक्याचा केस सत्तरएक मायक्रॉनचा. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो आणि तो ज्या थरावर तरंगतो तो ऑइलचाच. अशा जागी ऑइलचा जाडपणा हा एकटा गुण नसतो. ते तिथं वेळेत पोचतं का आणि उष्णता घेऊन बाहेर पडतं का, हेही पाहावं लागतं. म्हणूनच तक्त्यात आणखी एक चाचणी आहे: १५० अंशांना, जोरात घासटलं जात असताना ऑइल किती टिकतं. तीसला किमान २.९, ५डब्ल्यू-४० सारख्याला ३.५. हा आकडा डब्यावर नसतो, कंपनीच्या तांत्रिक पत्रकात असतो, आणि ज्याला खरोखर वाद घालायचा आहे त्यानं तो घेऊन यावा.

जाडाच्या भक्तांकडे एक ब्रह्मास्त्र असतं: बीएमडब्ल्यू एम-३ ला १०डब्ल्यू-६० लागतं! लागतं, नाही, लागायचं. २००० च्या दशकातल्या एम-३ मध्ये ३.२ लिटरचं सहा सिलिंडरांचं, आठ हजार फेऱ्यांपर्यंत किंचाळणारं इंजिन होतं. त्याला टर्बो नव्हता. सुरुवातीच्या काही गाड्यांत कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं गेली, कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, आणि १०डब्ल्यू-६० हे त्या इंजिनाच्या आजारावरच्या औषधोपचाराचा भाग बनलं. पुढे एम-३ ला टर्बो आला तेव्हा त्याच कारखान्यानं ०डब्ल्यू-३० सांगितलं. आता एक लिटरच्या तीन सिलिंडरी हॅचबॅकमध्ये कुणी १०डब्ल्यू-६० ओतून छाती फुगवत असेल, तर तो शेजारच्या काकांना हृदयविकारावर गुण आला म्हणून त्यांच्या चिठ्ठीवरची गोळी स्वतः घेतो आहे. काका बरे झाले हे खरं. तुम्हाला काय झालंय?

आता गोत्र. सिंथेटिक म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर रसायनशास्त्रात शोधायला जाल तर निराश व्हाल. ते जाहिरातींच्या तंट्यात मिळतं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं मूळ तेलांचे पाच गट केले आहेत. पहिले तीन जमिनीतून निघालेल्या तेलाचे, उत्तरोत्तर जास्त शुद्ध. चौथा पीएओचा, म्हणजे इथिलीनपासून सुरुवात करून रेणू जोडत जोडत बांधलेला. पाचव्यात उरलेलं सगळं, एस्टरसुद्धा. सोवळ्या माणसांच्या मते सिंथेटिक म्हणजे चौथा आणि पाचवा. कॅस्ट्रॉलनं एका ऑइलात चौथ्याऐवजी तिसऱ्या गटाचं, हायड्रोजनच्या दाबाखाली रेणू तोडून-सुधारून काढलेलं मूळ तेल वापरलं आणि नाव सिंथेटिकच ठेवलं. मोबिलनं जाहिरातींचा निवाडा करणाऱ्या अमेरिकी संस्थेकडे तक्रार केली. १९९९ मध्ये निकाल लागला तो कॅस्ट्रॉलच्या बाजूनं. तेव्हापासून बाजारातलं पुष्कळसं शंभर टक्के सिंथेटिक हे तिसऱ्या गटातलं, म्हणजे उत्तम शिकलेलं, इस्त्रीचे कपडे घातलेलं, पण मूळचं जमिनीतलंच असतं. जर्मनीत अजून सोवळं पाळतात. तिथं पूर्ण सिंथेटिक म्हणायचं तर चौथ्या-पाचव्याचंच लागतं, तिसऱ्याला वेगळं नाव आहे. म्हणजे सीमा ओलांडली की ऑइलची जात बदलते, ऑइल तेच राहतं.

हे कळल्यावर सोवळा मालक पाचव्या गटाकडे, एस्टरकडे धावतो. एस्टरचं रेसिंग ऑइल म्हणजे त्याच्या लेखी साक्षात सोमरस. मोतुलचं ३००व्ही १९७१ पासून बाजारात आहे आणि त्यातले तीनशे हे शर्यतीतल्या तीनशे विजयांचे, ही कथा तो भक्तिभावानं सांगतो. पण एस्टरांचं कुळ शोधत मागे गेलं तर वाटेत आपल्या ओळखीचं झाड उभं दिसतं. कॅस्ट्रॉल हे नावच मुळी कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे एरंडेलावरून आलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडच्या वेकफील्ड कंपनीनं इंजिनाच्या ऑइलात एरंडेल मिसळलं आणि ते नाव ठेवलं. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनाच्या विमानांत एरंडेलच घालत. ते धुराबरोबर मागे उडे आणि उघड्यावर बसलेल्या वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. त्याचा पुढचा परिणाम मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. पुढे एरंडेलापासून सेबॅसिक आम्ल आणि त्यापासून एस्टर काढून ती सुरुवातीच्या जेट इंजिनांसाठी वापरली गेली. आपल्याकडे हे शास्त्र त्याआधीपासून बैलगाडीच्या आखाला लागत होतं. जगात सर्वांत जास्त एरंड भारतात पिकतो, त्यातला बहुतेक शेजारच्या गुजरातेत. तेव्हा लिटरला हजाराच्या वर मोजून आणलेल्या सोमरसाचे पूर्वज आणि आजीनं नाक दाबून पाजलेल्या चमच्यातलं द्रव्य एकाच झाडाचे. आणि उसासारखा रस निघेल या आशेनं एरंडाची कांडं चरकात घालून रात्रभर बैल फिरवत राहण्याला आपण काय म्हणतो, तेही वाचकाला ठाऊक आहे. गटांवरची चर्चा बहुधा त्याच चरकातून निघते. तिसऱ्या गटाचं ऑइल गाडीच्या कंपनीच्या परीक्षेत पास झालं असेल तर इंजिन त्याची वंशावळ विचारत नाही. उलट खास शर्यतीसाठी बनवलेलं ऑइल शर्यत संपली की बदलायचं असतं. वर्षभर भाजी आणायला जाणाऱ्या गाडीत काजळी धुऊन काढायचं, आम्ल मारायचं काम त्याच्याकडून फार दिवस होईल याची हमी ते बनवणारेही देत नाहीत.

याचा अर्थ सिंथेटिक हे थोतांड आहे असा कुणी काढू नये. टर्बो गाडीला ते हवंच. घाट चढून धाबडधाबड आलात आणि गाडी थांबवून लगेच बंद केलीत, की लालबुंद टर्बोच्या पोटात उरलेलं साधं ऑइल तळून कोळसा होतं. चांगलं सिंथेटिक तिथं तग धरतं. शेवरोलेनं १९९२ च्या कॉर्व्हेटमध्ये कारखान्यातूनच मोबिल वन भरायला सुरुवात केली, ती उगाच नव्हे. वाद सिंथेटिक असावं का हा नाहीच. मान्यतेचा आकडा जुळलेल्या दोन सिंथेटिकांत कोणतं 'भारी' हा आहे, आणि तिथं मला भांडण्यासारखं काही दिसत नाही.

जाणता माणूस इथं दुसरी हरकत घेतो, आणि ती सगळ्यात वजनदार आहे. तो म्हणतो: कंपन्यांचं काय ऐकता? त्यांना सरकारला मायलेज दाखवायचं असतं, म्हणून त्या पातळ ऑइल लिहितात. इंजिन वॉरंटीनंतर मेलं तर त्यांचं काय जातं? यात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा कंपन्यांच्याच पुस्तिकांत आहे. फोर्डनं पाच लिटरच्या मस्टँग जीटीला अमेरिकेत ५डब्ल्यू-२० सांगितलं, आणि त्याच घराण्यातलं इंजिन ट्रॅकसाठी सजवून बॉस ३०२ मध्ये बसवलं तेव्हा ५डब्ल्यू-५० सांगितलं. कॉर्व्हेटच्या सातव्या पिढीतल्या झेड०६ ला रोज ५डब्ल्यू-३०, ट्रॅकवर जाणार असाल तर १५डब्ल्यू-५०, आणि घरी आल्यावर पुन्हा ५डब्ल्यू-३०. म्हणजे जाड ऑइलचा एक वापर खराच आहे: ऑइल तासभर तापत राहील इतकं इंजिन पिळणं. हरकत मान्य. पण या उदाहरणांत काय घडलं तेही बघावं. ट्रॅकसाठी जाड ऑइल कुणी सांगितलं? पुस्तिकेनंच. जिला खोटारडी म्हणायचं तिचीच साक्ष काढायची, असा हा खटला आहे. आणि दुसरं, ट्रॅक कुठं आहे? मोठ्या ट्रॅकवर जायचं तर आपल्या माणसानं बहुधा कोइमतूर, चेन्नई किंवा ग्रेटर नोएडा गाठायचं. वर्षातले एक-दोन दिवस जो खरंच जातो, त्यानं त्या दिवसांसाठी पुस्तिका सांगेल ते करावं. बाकीच्या ३६३ दिवसांत ती वाघीण सिंहगड रोडच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये रांगते. समृद्धी महामार्गावर नेली तरी १२० ची मर्यादा. तेवढ्यावर दोनशे पंचेचाळीस अश्वांपैकी बरेचसे चंदी खात उभे असतात. तिथं ऑइलपेक्षा टायरची काळजी केलेली बरी.

आणि खरा धोका ज्या क्षणी असतो त्या क्षणी मालक निर्धास्त असतो. बोरघाट घ्या. पुढे कंटेनर, त्याला ओव्हरटेक करणारा दुसरा कंटेनर, आणि त्यांच्या मागे आपली आरएस. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला इंजिनाचे फेरे दीड हजाराच्या आसपास ठेवतो. जरा वाट मोकळी होते, मालक हलकेच पाय दाबतो, टर्बो हवा कोंबतो, फेरे मात्र कमीच. अशा वेळी सिलिंडरच्या भिंतीवरून निसटलेला ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब स्पार्क प्लगची वाट न बघता स्वतःच पेट घेतो. आतला दाब असा उसळतो, की पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटू शकते. याला एलएसपीआय म्हणतात. गाडी धावत असते चाळीसनं, मालक ऐकत असतो जुनी गाणी. या दुखण्यात ऑइलचा हात असल्याचं आढळलं: ते स्वच्छ राहावं म्हणून घातलेलं कॅल्शियमचं डिटर्जंट या ठिणगीला मदत करतं. म्हणून त्यातलं काही काढून मॅग्नेशियम घातलं गेलं, आणि मे २०२० पासून एपीआय एसपी या श्रेणीत ही चाचणी पक्की झाली. ही दोन अक्षरंही डब्याच्या मागे, बारीक टाइपात, बॅच नंबरच्या शेजारी असतात. पुढच्या बाजूला असतात ज्वाळा, चेकर्ड झेंडा आणि शर्यतीच्या गाडीचं चित्र. ज्या फॉर्म्युला वनच्या नावानं ऑइल खपतं, तिथली ऑइलं पाण्यासारखी पातळ असतात हे चित्रावर लिहिलेलं नसतं; आणि तिथले संघ एके काळी जादा ताकदीसाठी ऑइलच जाळत होते, म्हणून नियमानं त्यांना शंभर किलोमीटरला अमुकच लिटर पिता येईल असं बजावावं लागलं, हेही नाही.

राहिला गॅरेजातला शेवटचा विधी. मिस्त्री काडी उपसतो, फडक्याला पुसतो, पुन्हा बुडवतो, पुन्हा काढतो, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळतो, उजेडाकडे धरतो, वास घेतो आणि जाहीर करतो: पातळ झालंय, काळं पडलंय, बदला. मालक मान डोलावतो. आता, ग्रेड मोजायची ती शंभर अंशांना. मिस्त्रीची बोटं त्या तापमानाला असती तर निकाल वेगळ्या सुरात ऐकू आला असता. काळेपणाचं म्हणाल तर काजळी पोटात धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. पाच हजार किलोमीटरनंतरही ते मधासारखं सोनेरी असेल तर कौतुकापेक्षा चौकशी करावी. पातळ झाल्याचं मिस्त्रीनं बोटानं ओळखलं नसेल, पण अंदाज कधीकधी बरोबर असतो: थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या गाडीच्या रोजच्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल ऑइलात उतरतं. युरोपात लांब पल्ल्यासाठी ३०,००० किलोमीटरपर्यंतची मुभा देणाऱ्या कंपन्या भारतात १५,००० किंवा एक वर्ष म्हणतात. वर्षभर शाळा-ऑफिस-भाजी एवढंच फिरणाऱ्या गाडीचं मी त्याहूनही लवकर बदलीन. ब्रँडवर जादा मोजायचे ते पैसे तिथं घालावेत. तीन आठवड्यांच्या संशोधनातून निवडलेलं अमृत दोन वर्षं तसंच ठेवणारे लोक काही कमी नाहीत. ज्यांना बोटावर विश्वास नाही त्यांच्यासाठी प्रयोगशाळा आहेत: नमुना पाठवा, त्यात लोखंड किती, तांबं किती, पेट्रोल किती हे दशलक्षात किती भाग असं मोजून कळतं.

तेव्हा पुस्तिका काढा, वेष्टन फाडा, आकडा डब्याच्या मागच्या बाजूशी ताडून बघा, एपीआयची अक्षरं बघा, झाकणाचं सील बघा. कारण या सगळ्या गोत्र-घराण्याच्या वादात एक गोष्ट राहूनच जाते, ती म्हणजे डब्यात लिहिलंय तेच आहे का. नामांकित ब्रँडचा रिकामा, धड डबा भंगारात चांगला भाव खातो, आणि तो पाणी भरायला विकत घेत नाहीत. ऑइल बदलताना समोर उभे राहा, आणि झालं की रिकामा डबा तिथंच सुरीनं आडवा कापून घ्या. झाकण घरी घेऊन या.